भट्टीपाशी कोण आहे?

डार्टमूरच्या ओसाड माळावर, धुक्याच्याही वर, एक शाळा तरंगत असते. एकमेकांना जोडलेली तीन हवाई जहाजं म्हणजे ही शाळा. साल १८५१. वरच्या मजल्यांवर मुलींना शिकवतात ते असं: गुडघे लववून अभिवादन कसं करायचं, चारचौघांत शोभेल अशी भोवळ कशी आणायची, आणि जेवणाच्या टेबलावर कुणाला विष घालायची वेळ आलीच तर रीतभात न सोडता ते कसं घालायचं. गेल कॅरिगरच्या ‘एटिकेट अँड एस्पियोनाज’ या २०१३च्या कादंबरीची नायिका सोफ्रोनिया इथली नवी विद्यार्थिनी. तिने बंबरस्नूट नावाचा एक यांत्रिक कुत्रा लपवून ठेवलाय, आणि हा कुत्रा कोळसा खातो. त्याच्या पोटापाण्यासाठी ती जहाजाच्या बाहेरच्या अंगाला लोंबकळत बॉयलरच्या खोलीत उतरते. तिथे काजळीने माखलेली पोरं भट्टीत कोळसा ढकलत असतात. त्यांच्यातला सोप नावाचा कृष्णवर्णीय मुलगा तिचा दोस्त होतो.

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या ‘स्टीमपंक’ कादंबऱ्यांचा नाद मला भाचीमुळे लागला. तिचं वय त्यांना शोभतं, माझं नाही. पण पुस्तकं तिच्या आधी माझीच वाचून होतात. या प्रकाराला नाव मिळालं ते थट्टेत. के. डब्ल्यू. जीटर या लेखकाने १९८७मध्ये ‘लोकस’ मासिकाला पत्र लिहून आपण आणि आपले दोस्त जे लिहितोय त्याला ‘स्टीमपंक’ म्हणा असं सुचवलं. व्हिक्टोरिया राणीचा काळ घ्यायचा आणि त्यात वाफेला जरा जास्तच अक्कल द्यायची, एवढीच कृती. पितळी चक्रं, चामडी पट्टे, घड्याळातून निघाल्यासारखी माणसं, आणि आकाशात बोटी.

यात सगळंच हवेतलं नसतं, ही मजा वाचता वाचता कळत गेली. हेन्री जिफार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने सप्टेंबर १८५२मध्ये पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर चालणारं हवाई जहाज खरोखर उडवलं होतं. इंजिन जेमतेम तीन अश्वशक्तीचं. तो सुमारे २७ किलोमीटर गेला, पण वाऱ्याविरुद्ध परत येण्याची ताकद त्या इंजिनात नव्हती. चार्ल्स बॅबेजचं गणिती यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्याच आराखड्यांवरून १९९१मध्ये ते उभं केलं, आणि त्याने बिनचूक आकडेमोड केली. म्हणजे कादंबरीकाराला फार खोटं बोलावं लागत नाही. ‘जमलंच असतं तर’ एवढंच म्हणायचं.

आणि मुलांना हे का आवडतं, तेही उघड आहे. भाचीचा फोन बिघडला की तो कुणीच उघडत नाही, नवा आणतात. या पुस्तकांतलं यंत्र उघडतं. कुठला दट्ट्या अडकलाय, कुठली झडप गळतेय, ते दिसतं. सोफ्रोनियाच्या शाळेत व्हिएव नावाची चिमुरडी मुलांचे कपडे घालून फिरते आणि मोठ्यांना उमगत नाहीत असली यंत्रं बनवते. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला याहून मोठं आमिष कुठलं?

माझं मन मात्र दर पुस्तकात एकाच ठिकाणी जातं. वाफ आहे म्हणजे बॉयलर आहे. बॉयलर आहे म्हणजे कुणीतरी फावडं घेऊन त्याच्या तोंडाशी उभं आहे. ते कोण? या प्रश्नाला पुस्तक उत्तर देतं की नाही, त्यावरून मी ते कुठल्या फळीवर ठेवायचं ते ठरवते. खऱ्या व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये उत्तर बरेचदा ‘एखादं पोर’ हेच असे. दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सगळ्याच बायका-मुलींना खाणीच्या पोटात उतरवायला बंदी झाली ती १८४२मध्ये. धुराडी साफ करायला मुलं आत घालायची पद्धत तर पुढेही चालू राहिली. १८७५मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा कोवळा पोरगा केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथल्या इस्पितळाच्या धुराड्यात अडकला आणि दगावला, तेव्हा कुठे कायद्याला दात आले.

कॅरिगर हसत हसत का होईना, खालच्या मजल्यावर जाते. म्हणून ती मला आवडते. फिलिप रीव्हचं ‘लार्कलाइट’ वेगळ्या वाटेने जातं. त्यात १८५१मधलं ब्रिटिश साम्राज्य चंद्र आणि मंगळावरही पोचलेलं आहे. गोष्ट सांगतो आर्ट मंबी हा साम्राज्यभक्त मुलगा, इतक्या निरागस अभिमानाने की वाचणाऱ्याला त्याच्या बापाच्या पिढीचं हसू यावं. पण जॅक हॅवॉक या पोरसवदा चाच्याचे साथीदार कोण, तर लंडनच्या एका संस्थेत अभ्यासासाठी कोंडून ठेवलेले परग्रहांवरचे जीव. रीव्ह इथे विनोद करतोय, पण नेम धरून. कॅसांड्रा क्लेअरच्या ‘क्लॉकवर्क एंजल’मध्ये, म्हणजे १८७८च्या लंडनमध्ये, यांत्रिक माणसांची फौज आहे, पण दोन देखणे तरुण आणि एक मुलगी जमली की चक्रं आपली कोपऱ्यात फिरत राहतात. भाचीला ते सर्वांत जास्त आवडतं. असू दे.

या सगळ्यांचा पणजोबा ज्यूल व्हर्न. मराठी वाचकाला तो परका नाही, भा. रा. भागवतांनी त्याला अनुवादांतून आपल्या घरात आणून बसवलंय. त्याची १८८०ची ‘द स्टीम हाउस’ ही कादंबरी मात्र आपल्याकडे त्याच्याच कॅप्टन नेमोइतकी कुणाच्या तोंडी नसते, आणि याचं मला आश्चर्य वाटतं, कारण तिची सुरुवातच १८६७च्या औरंगाबादेत होते. जाहीरनामा लागलाय: नानासाहेब पेशव्यांना जिवंत किंवा मेलेलं आणून देईल त्याला दोन हजार पौंड. तिकडे बँक्स नावाच्या इंजिनिअरने भूतानच्या राजासाठी म्हणून एक पोलादी हत्ती बनवलाय, वाफेवर चालणारा, सोंडेतून धूर सोडणारा. तो चाकांवरची दोन घरं ओढत कलकत्त्याहून उत्तरेला निघतो. घरात इंग्रज साहेब आरामात बसलेत. त्यांच्यातल्या कर्नल मन्रोने झाशीच्या राणीला मारलंय, असं व्हर्न खुशाल लिहितो. नानासाहेब या कादंबरीत खलनायक आहेत. गंमत अशी की पाचच वर्षांपूर्वी याच व्हर्नने कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनच्या उठावातला बंडखोर, असं उघड करून त्याला वाचकांच्या गळ्यातला ताईत बनवलं होतं. समुद्राखालचा बंडखोर चालतो, जमिनीवरचा नको?

हत्तीचा ड्रायव्हर स्टॉर, इंग्रज. आणि भट्टीपाशी? कालूथ. हिंदुस्तानी. उन्हाची आणि बॉयलरची धग एकदम सोसू शकतो, ही त्याची व्हर्नने सांगितलेली लायकी. त्या काळच्या आगबोटींवरही हेच होतं. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर खाली आगवाले आणि कोळसेवाले, वर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, आणि साहेबांच्या जेवणघरात गोव्याचे लोक. व्हर्नने कालूथ हवेतून काढला नव्हता.

जाता जाता, आपलीही एक वाफाळ कथा आहे: शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची. विश्वास ठेवावा असा पुरावा तिला नाही. कादंबरी म्हणून सांगितली असती तर झकास झाली असती. आपण ती इतिहास म्हणून सांगत बसलो.

खरी गोष्ट घाटात पडून आहे. बोरघाटातला रेल्वेमार्ग बांधायला १८५६मध्ये सुरुवात झाली. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, २५ बोगदे, आणि चढण इतकी की काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मध्ये एक जागा अशी की गाडी थांबवून, दिशा उलटी करून वर न्यावी लागे. कर्जतला आजही गाड्यांना मागून जोर द्यायला बँकर इंजिनं जोडतात, ती याच घाटापायी. १८५९मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, कामावर जाणकार माणसं नेमली आणि काम तडीला नेलं. १८६३च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. या मंडळींची नावं राहिली. पटकीने, सुरुंगांनी आणि कड्यावरून पडून हजारोंनी मजूर गेले. त्यांच्यात पाट्या वाहणारी अख्खी कुटुंबं होती. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. १८८१च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई केली, आणि सात ते बाराच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही असं ठरवलं. ही सुधारणा होती, हे लक्षात घ्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडावं लागलं, तीही नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगारांनी धसास लावली म्हणून.

बोरघाटावर कुणी कुमारांसाठी स्टीमपंक लिहिली तर नायिका कोण असावी, यावरून माझं आणि भाचीचं वाजलंय. ती म्हणते, ॲलिस. विधवा, परका मुलुख, पुरुषांनी भरलेला घाट, अजून काय पाहिजे? मला खडीची पाटी वाहणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी हवी.

“अगं मावशी, पण तिला इंजिनाच्या जवळपाससुद्धा फिरकू देणार नाहीत. मग गोष्ट पुढे कशी जाणार?”

“चोरून जाईल.”

“आणि पकडली तर?”

“तर दुसरं प्रकरण.”

तिने अजून होकार दिलेला नाही, पण त्या मुलीला धाकटा भाऊ असावा एवढं तिच्या बाजूने ठरलंय.