तांबड्या शाईचा अधिकार

चूक कशाला म्हणावे हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा आहे, असे अमरावतीच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकांना बरीच वर्षे वाटत होते. अकोल्याकडच्या खेड्यातून ते आलेले. घरची बोली वऱ्हाडी, प्रमाण मराठी शाळेत शिकलेली आणि इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून कमावलेली. त्यामुळे त्यांची तांबडी शाई निःशंक असे. ‘आय ॲम लिव्हिंग इन अकोला सिन्स टेन इयर्स’, ‘ही टोल्ड दॅट आय ॲम कमिंग’: दर वर्षी तीच वाक्ये, तीच खूण.

वस्तुतः या चुकांना त्यांचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. मराठीतील ‘पासून’ आरंभबिंदूला आणि कालावधीला सारखेच लागते. ‘सोमवारपासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ यांतला भेद मराठी कानाला जाणवत नाही. ‘मी येतो असे तो म्हणाला’ यातला ‘मी’ बोलणाऱ्याचाच राहतो, इंग्रजी त्याला तृतीय पुरुषात ढकलते. वऱ्हाडीत तर ‘काय करून राह्यला?’ हा चालू क्रियेचा प्रयोग इतका रुळलेला आहे की ‘आय ॲम नोइंग’मध्ये काही वावगे वाटण्याचे कारणच नाही. शिकणाऱ्याच्या नियमबद्ध चुका निराळ्या आणि नुसत्या निसटलेल्या निराळ्या, हा पिट कॉर्डर यांनी १९६७ साली केलेला भेद प्राध्यापकांना पाठ होता. पण सिद्धान्त पाठ असणे वेगळे आणि लेखणी थांबणे वेगळे.

एकदा फी-सवलतीचा एक अर्ज शिफारशीसाठी त्यांच्यापुढे आला. पहिलेच वाक्य होते, ‘माय फादर इज एक्स्पायर्ड.’ त्यांनी सवयीने ‘इज’भोवती वर्तुळ काढले, वर ‘हॅज’ लिहिले आणि मुदत औषधाची संपते, असेही ऐकवले. मुलगा खाली पाहत म्हणाला, “वारले आहेत, सर.”

‘आहेत’चे ‘इज’ त्याने प्रामाणिकपणे केले होते. वडिलांसाठी ‘मेले’ त्याच्याने लिहवणार नव्हते; ‘वारले’मधली अदब त्याने त्यातल्या त्यात सभ्य वाटणाऱ्या इंग्रजी शब्दात ठेवली होती. (वास्तविक ‘एक्स्पायर’ला मरणाचा अर्थ इंग्रजीत जुनाच आहे. जुनी इंग्रजी अशा गतिवाचक अकर्मक क्रियापदांना ‘इज’ही लावीत असे, ‘ही इज गॉन’ हा तिचा जिवंत अवशेष.) शिफारस झाली, सवलतही मिळाली. वर्तुळ मात्र अर्जावर राहिले.

पुढे पुण्यातील एका उद्बोधन वर्गात, जेवताना, ते सहज ‘विचार करून राहिलो’ म्हणून गेले. शेजारच्याने हसून दुरुस्त केले, ‘विचार करतोय म्हणा.’ घास हातातच राहिला. वऱ्हाडातला विद्यार्थी दोन भाषांत चुकतो आणि दोन्हीकडे परीक्षक दुसराच असतो, हे त्यांना त्या पंगतीत उमगले.

अमरावतीत इंग्रजीचा मान जुना. दादासाहेब खापर्डे दैनंदिनी इंग्रजीत लिहीत. १९२३ साली येथे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, निघाले. या मानापुढे भारतीय इंग्रजीच्या स्वायत्ततेची ब्रज काचरूप्रणीत मांडणी चर्चासत्रात शोभते. नोकरीच्या अर्जातला ‘इज’ तिने वाचत नाही. म्हणून प्राध्यापकांनी दुरुस्ती सोडली नाही. फक्त तांबड्या शाईऐवजी ते शिसपेन वापरू लागले आणि खूण करण्याआधी मुलाला मूळ मराठी वाक्य विचारू लागले.

‘सिन्स टेन इयर्स’ला मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांनी गुण दिले नाहीत.