फुल्यांची बैलगाडी

टाइपरायटरवर चित्र काढता येते, हे तुम्हांला खरे वाटेल का? मुंबईचे चंद्रकांत भिडे बँकेत टायपिस्ट होते. नुसत्या अक्षरांनी नि खुणांनी त्यांनी गणपती काढला, नामवंतांचे चेहरे काढले. त्यांचे नाव मला फार उशिरा कळले. पोलादपूरहून एस.टी.ने महाडला टायपिंग शिकायला जायचो, तेव्हा मी आपला इंग्रजी मशीनवर फुल्या मारून बैलगाडी काढी. चाके काही गोल होत नसत, उभट अंडी होत. शेवटी मास्तरांनी पट्टी लावून दाखवली. आडव्या इंचात 10 अक्षरे, उभ्या इंचात ओळी मात्र 6. म्हणजे 6 ओळींचे चाक 10 फुल्या रुंद हवे. भात लावणाऱ्याला हे काय सांगायचे? दोन ओळींतले अंतर वेगळे, दोन चुडांतले वेगळे.

ते कागद महाडला बहिणीकडे ट्रंकेत होते. जुलै 2021च्या महापुरानंतर ट्रंक उघडली, तर आत लगदा.

परवा नात संगणकावर, प्रोग्रॅम लिहितात त्या पानावर, खुणांचे घर काढीत होती. तिथेही प्रत्येक इंग्रजी अक्षराला सारखी जागा. मराठी अक्षर घातले की ओळ सरकते. म्हटले, दारात गाडी काढ. चाके उभट आली.

"आजोबा, असं का हो?"

मी पट्टी मागितली. पडद्यावरचे माप निराळे निघाले: ओळीच्या उंचीत जवळजवळ दोन अक्षरे. चौथ्या खेपेला चाक गोल झाले. बैल अजून जमायचे आहेत. शिंगे सारखी मोडतात.