डाव एक, दोजो अनेक

टोकियोला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. शिबुयाचं गर्दीचं क्रॉसिंग, सुशी आणि अकिहाबारातली गॅजेट्स, लिस्ट ठरलेली! माझ्या लिस्टमध्ये एक जादा एन्ट्री होती : दोजो. म्हणजे जपानी मार्शल आर्ट्सची तालीम. कारण कॉलेजच्या कट्ट्यापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत मी एकच वाद ऐकत आलेय. कराटे भारी की ज्युदो? आणि आयकिदो म्हणजे खरंच काही आहे, की नुसती कोरिओग्राफी? म्हटलं, हे सगळं एका मेट्रो पासवर बघता येतं, तर बघूनच घेऊ.

मनगट

शिंजुकू वॉर्डातल्या वाकामात्सु-कावादा स्टेशनजवळ, साध्या रहिवासी गल्लीत आयकिकाईचा मुख्य दोजो आहे. आयकिदोचे जनक मोरिहेई उएशिबा यांनी १९३१ मध्ये इथेच आपला दोजो उभारला. पहिली बॅच सकाळी साडेसहाला! परवानगी घेऊन कोपऱ्यात बसले.

एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्याने ते सोडवायची झटापट केलीच नाही. एक पाऊल बाजूला टाकलं, दोन्ही हात डोक्यावर नेले, गर्रकन वळला आणि हात खाली आणले. समोरचा थेट मॅटवर. डावाचं नाव शिहोनागे. आता त्याच्या हातात तलवार आहे असं समजा. उचलली, वळला, वार केला. हालचाल तीच! तळहाताच्या कडेला इथे 'तेगाताना' म्हणतात, म्हणजे हाताची तलवार. कोरिओग्राफीचा अर्थ तिथे लागला.

अंतर

खरी तलवार नाही, पण बांबूची तलवार बघायला गाठलं निप्पोन बुदोकान. १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेला हा हॉल कुदानशिता स्टेशनपासून चालत जाण्याजोगा. १९६६ मध्ये बीटल्सही इथे गाऊन गेले. मी गेले ३ नोव्हेंबरला, राष्ट्रीय केंदो स्पर्धेच्या दिवशी.

केंदोची मॅच म्हणजे नव्वद टक्के वेळ काहीच घडत नाही, असं आपल्याला वाटतं. दोघं समोरासमोर, पाय न उचलता जमिनीवरून सरकत असतात. सकाळी आयकिदोवाले सरकत होते ना, अगदी तसेच. ही 'सुरिआशी'. दोघंही शोधत असतात ते 'माआई', म्हणजे एका पावलात वार पोचेल इतकंच अंतर. ते सापडलं की आरोळी आणि फटका एकदम!

आणि फटका बसला की पॉइंट मिळाला, असंही नाही. वारानंतरही सावध राहावं लागतं, त्याला 'झानशिन' म्हणतात. मूठ उगारून सेलिब्रेशन केलंत तर मिळालेला पॉइंट काढून घेतला जाऊ शकतो. आपल्या क्रिकेटवाल्यांचं इथे कठीण आहे!

याच हॉलमध्ये २३ ऑक्टोबर १९६४ ला नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंकने ज्युदोच्या ओपन गटाच्या फायनलमध्ये अकियो कामिनागाला जमिनीवर दाबून धरलं. जपानला जपानमध्येच हरवलं! त्याचे पाठीराखे आनंदाने मॅटकडे धावले, तर त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. खेळ ज्युदो, वागणं झानशिनचं. पुढे २०२१ मध्ये कराटेने ऑलिंपिक पदार्पण केलं तेही इथेच, ज्युदोच्याच छताखाली.

तोल

शेवटचा स्टॉप, कासुगा स्टेशनजवळचं कोदोकान. वाकामात्सु-कावादापासून ओएदो लाइनवर चौथं स्टेशन. १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी एका देवळात बारा तातामी चटयांवर ज्युदो सुरू केला. आज सातव्या मजल्यावरच्या मुख्य हॉलमध्ये ४२० तातामी आहेत आणि आठव्या मजल्यावरून फुकटात बघता येतं. चुकवू नका!

वरून बघताना कळतं की फेकणं ही शेवटची पायरी. आधी 'कुझुशी', म्हणजे समोरच्याचा तोल बिघडवायचा. सेओइनागे बघितलं आणि कोल्हापूरची आठवण झाली. हा तर आपला धोबीपछाड! मग एकाने देआशी-बाराई मारली. समोरच्याचं पाऊल टेकतंय, वजन त्यावर येतंय, नेमक्या त्या क्षणी पाय झाडून काढला. कराटेतही आशी-बाराई आहे आणि तिचं टायमिंग हेच. फरक नंतरचा. ज्युदोवाला कॉलर धरून फेकतो, कराटेवाला ठोसा लावतो.

हे सारखेपण कुठून आलं? थोडं शरीराकडून. माणसाला दोनच पाय, त्यामुळे तोल जायच्या तऱ्हाही मोजक्याच. पण थोडं माणसांकडूनही. ज्युदो आणि आयकिदो दोन्हींची मुळं जुन्या जुजुत्सूत. कराटे ओकिनावाचं. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ते घेऊन टोकियोत आले, तेव्हा कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. कराटेचा पांढरा ड्रेस आणि ब्लॅक बेल्ट हे ज्युदोकडूनच आले.

मला सगळ्यात आवडली ती १९३० ची गोष्ट. सत्तरीला टेकलेले कानो, जपानभर नाव, ऑलिंपिक समितीचे सदस्य. ते उएशिबांचं काम बघायला स्वतः गेले आणि परतल्यावर आपले निवडक विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला पाठवले. त्यात मिनोरू मोचिझुकी होते. आपल्या शाळेची पोरं दुसऱ्याच्या शाळेत! स्वतःची कंपनी काढलेल्या किती जणांना हे जमेल, सांगा.

तर कराटे की ज्युदो? नियम वेगळे आहेत, हे खरं. ज्युदोच्या स्पर्धेत ठोसा चालत नाही, सांधा पिरगळायचा तर फक्त कोपराचा. आयकिकाईच्या आयकिदोत स्पर्धाच नाही. पण सरकणं, अंतर, तोल आणि नंतरची सावधगिरी सगळीकडे आहे. तेव्हा ऑफिसनंतर क्लास लावायचा असेल तर स्टाइलवर डोकेफोड नको. आधी एक दिवस कोपऱ्यात बसून बघा. सर नवख्यांना नीट पडायला शिकवतायत का? शिकवत असतील, तर भरा फी.