नामदफाला जायचे आहे? आधी तयारी करा!

जंगल पाहायचे म्हणजे पहाटे जिप्सीत बसायचे, वाघ दिसला की कॅमेरे सरसावायचे आणि नाश्त्याला विश्रामगृहावर परतायचे, ही आपली ताडोबा-कान्हाची सवय. अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला, म्यानमारच्या सीमेलगत पसरलेल्या नामदफा राष्ट्रीय उद्यानात ही सवय उपयोगाची नाही. इथले जंगल पायी पाहायचे असते. वाघाची आशा तर घरीच ठेवून निघावे.

मग इतक्या लांब जायचे कशाला? १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या अरण्याचे क्षेत्रफळ १,९८५ चौरस किलोमीटर आहे. ताडोबाचे मूळ राष्ट्रीय उद्यान ११६ चौरस किलोमीटरचे, यावरून कल्पना यावी. नदीकाठी २०० मीटर असलेली उंची दफा बुम शिखरावर ४,५७१ मीटरपर्यंत जाते. खाली होलोंगचे गगनचुंबी वृक्ष, वर बर्फ! म्हणूनच वाघ, बिबट्या, हिमबिबट्या आणि क्लाउडेड लेपर्ड या चौघांचेही हे घर मानले जाते. दिसत मात्र कोणी नाही. भेटतो तो आवाज. सकाळी हुलॉक गिबन या बिनशेपटीच्या वानराची कुटुंबेच्या कुटुंबे साद घालू लागतात आणि सारी दरी दुमदुमते. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, तर पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो. इथल्या एका उडत्या खारीची जात तर १९८१ मध्ये सापडलेल्या एकाच नमुन्यावरून जगाला कळली.

जाण्यासाठी दिब्रुगडपर्यंत विमान किंवा तिनसुकियापर्यंत रेल्वे. पुढे दिग्बोई, मार्गेरिटा, लेडोवरून मोटारीने मियाओ. दिग्बोईला १९०१ पासूनचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. मुलांना वाटेत दाखवावा. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागते. ते ऑनलाइन काढता येते, पण छापील प्रती आणि ओळखपत्रे प्रत्येकाजवळ हवीत. उद्यानाची परवानगी, वाटाड्या आणि हमाल यांची सोय मियाओला होते. तांदूळ, डाळ, बटाटे, मेणबत्त्याही तिथल्याच बाजारातून घ्याव्यात. पुढे दुकान नाही.

मियाओपासून सुमारे २५ किलोमीटरवर, नोआ-दिहिंग नदीच्या काठी देबानचे वन विश्रामगृह आहे. खरा निर्णय इथे घ्यायचा असतो. नदी ओलांडून हल्दीबाडी, हॉर्नबिल, बुलबुलिया अशा मुक्कामांकडे तंबू घेऊन चालत जाता येते. पण आजी-आजोबा किंवा लहान मुले बरोबर असतील, तर माझे स्पष्ट मत असे, की नदी ओलांडू नये. पलीकडे कोणी आजारी पडले, पाय मुरगळला, तर पाठीवर घेऊन परतावे लागते. देबानला राहूनही नदी, पक्षी आणि गिबनची साद मिळतेच. तरुण मंडळींनी दोन दिवस पुढे जाऊन यावे, बाकीच्यांनी काठावर चहा घेत वाट पाहावी. यात कमीपणा कसला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि जळवांचा सुकाळ असतो. थोड्या जळवा हिवाळ्यातही भेटतात. गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे आणि पुरचुंडीत मीठ असू द्यावे. मलेरियाबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे आणि मच्छरदाणी विसरू नये.

या परिसरात लिसू, सिंगफो, तांग्सा आणि चकमा लोकांची वस्ती आहे. उद्यानाच्या हद्दीत राहणाऱ्या लिसूंचा जमिनीवरून वनखात्याशी जुना वाद आहे. त्यात आपण पाहुण्यांनी निवाडे करू नयेत. वाटाड्या मात्र स्थानिकच घ्यावा, ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. जंगल टिकल्याने गावात चार पैसे येतात, हे त्या घरांना दिसायला हवे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. घड्याळ तेच असले, तरी देशाच्या या टोकाला सूर्य फार लवकर मावळतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येते. तेव्हा सकाळी पाचला उठा, तीनपर्यंत मुक्कामी पोहोचा आणि परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवा.