कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आणि गाडीतला गारवा

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उतरून एल.बी.एस. मार्गाला लागले, की पुढे सी.एस.टी. रोड येतो. नवख्या माणसाला वाटते, हा रस्ता बोरीबंदरला जात असेल. पण हे नाव सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे. ट्रॉम्बे ते अंधेरी अशी ही रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. रूळ गेले, नाव राहिले.

आज हा रस्ता ओळखला जातो तो गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांसाठी. कापडिया नगरच्या बाजूला दुकानांपुढे बंपर, दरवाजे, रेडिएटर यांची रास. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठी नदीचे पाणी या भागात शिरले होते. सेकंडहॅण्ड गाडी घेताना सीटखालचा गंज बघा म्हणतात, ते उगाच नव्हे.

माझ्या पुतण्याने पतपेढीचे कर्ज काढून टुरिस्ट परवान्याची जुनी वॅगन-आर घेतली. उन्हाळा लागला आणि एसीतून गरम वारा येऊ लागला. मे महिन्यात असे झाले की गिऱ्हाईक दुसरी गाडी बघते, हप्ता मात्र थांबत नाही. घराजवळच्या गॅरेजात दोनदा "गॅस संपला" म्हणून गॅस भरला. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "काका, चला कुर्ल्याला."

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने एकच वाक्य ऐकवले, "चाचा, गॅस जलता नहीं, निकलता है."

वाचकहो, सगळी मेख इथेच आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो निवून पातळ होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतली उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. वाट बंदिस्त आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे.

मिस्त्रीने आधी जोड तपासले. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते, त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो. मग नळ्यांत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे आले. खडी लागली असावी. दोनदा भरलेल्या गॅसच्या पैशांत नवा कंडेन्सर बहुतेक आला असता!

समोरच्या दुकानात जुना कंडेन्सर स्वस्तात मिळत होता, पण मिस्त्री नको म्हणाला. रबरी रिंगा आणि ड्रायरही त्याने नवेच घालायला लावले. ड्रायर नळीतला ओलावा शोषतो. बराच वेळ उघड्या हवेत राहिला की निकामी होतो. नंतर पंप लावून अर्धा तास नळ्यांतली हवा खेचली. ओलावा राहिला तर तो व्हॉल्व्हपाशी गोठतो आणि आतून गंज धरतो. घाईचे मिस्त्री नेमके हेच काम टाळतात.

बॉनेटखालच्या चिठ्ठीवर १३४-ए हे गॅसचे नाव आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. १९९० च्या आसपासच्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हटवला गेला. दोन्ही गॅस एकत्र करू नयेत. नळीशी घरी खेळूही नये. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते.

काट्यावर तोलून गॅस भरला. पुतण्याने ग्रॅम बिलावर लिहून घेतले आणि फुटका कंडेन्सर डिकीत टाकला. भंगारात त्याचेही चार पैसे येतात.