पट्टी मिळेनाशी होते तेव्हा

राज्य शासनाच्या पुरवठा खात्यात आमची हयात गेली. रॉकेल, साखर, गहू यांचे तुटवडे आम्ही जवळून पाहिले. गहू नसेल तर तांदूळ द्यावा, हा त्या खात्याचा साधा हिशेब. औषधाच्या बाबतीत तो किती तोकडा पडतो, हे आम्हांस २०१९ साली इंदूरात बसून कळले.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या कन्येची पाळी वयाच्या ३६व्या वर्षीच थांबली होती. रात्री घामाने अंथरूण भिजे, झोप उडे. आपल्याकडच्या जुन्या घरांत हा विषय ‘सुटली बाई’ एवढ्यावरच मिटत असे. सौ.नीही तो आम्हांस सांगितला, तो स्वयंपाकघराच्या दाराआडून. परंतु पन्नाशीतील रजोनिवृत्ती वेगळी आणि ऐन छत्तिशीतील वेगळी. तरुणपणीच इस्ट्रोजेन आटले, तर हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ वर्षांपर्यंत, ते बाहेरून देणे इष्ट मानतात.

कन्येला त्यासाठी आठवड्यातून दोनदा बदलण्याची पट्टी दिली होती. कमरेखाली चिकटवली की औषध कातडीतून थेट रक्तात जाते, आधी यकृतातून जावे लागत नाही. गोळ्यांच्या मानाने रक्ताच्या गुठळ्यांचे भय त्यामुळे कमी. २०१९ साली ब्रिटनमध्ये नेमक्या या पट्ट्यांचाच तुटवडा पडला. चार दुकाने पालथी घालून कन्येने फोन केला तेव्हा तिच्याजवळ तीन पट्ट्या उरल्या होत्या.

आम्ही तडक दवा बाजार गाठला. ‘पट्टी’ म्हणताच दुकानदाराने कंबरदुखीची पट्टी पुढे केली! नीट खुलासा करण्याइतके शब्द आमच्यापाशी त्या दिवशी नव्हते. अखेर उभयता आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, “साहेब, येथून काही पाठवू नका. पट्टी एक असली तरी तिच्यात औषधे दोन आहेत.” ही गोष्ट आमच्या ध्यानीमनी नव्हती. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढते. त्याला आवर घालण्यासाठी त्याच पट्टीत दुसरे संप्रेरक असते. पट्टी गेली आणि नुसते इस्ट्रोजेनचे जेल चोळले, तर तो पहारा उठतो व पुढे कर्करोगाचा धोका उभा राहतो. जेल घ्यायचे तर सोबत प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल हवीच. ५० मायक्रोग्रॅमच्या पट्टीच्या जागी पंपाचे जेल साधारण दोन दाब धरतात. पण प्रत्येकीची कातडी ते सारखे शोषत नाही, म्हणून मात्रा तिच्या डॉक्टरांनीच ठरवावी, असे बाईंनी बजावले. तरुण स्त्रियांना कधी संततिनियमनाच्या गोळ्याही देतात. मात्र कन्येला डोळ्यांपुढे नागमोडी रेषा उमटणारी अर्धशिशी आहे. तशा अर्धशिशीत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, तेव्हा ती वाट बंद.

आप्तेष्टांनी शतावरी सुचवली, सोयाबीन सुचवले. एका गृहस्थांनी २००२ साली थांबवलेल्या अमेरिकन पाहणीची भीती घातली. त्या पाहणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. तिचा निष्कर्ष छत्तिशीतल्या मुलीला लावणे म्हणजे निवृत्तिवेतनाचे नियम उमेदवारीतल्या कारकुनाला लावण्यासारखेच.

कन्येला तेथील डॉक्टरांनी जेल आणि रात्रीची कॅप्सूल लिहून दिली. पहिले काही आठवडे घाम परतला, मग बसला. कॅप्सूलने थोडी गुंगी येते, ती झोपेच्या कामी आली.

पुढे २०२२ साली जेलचाही तुटवडा झाला आणि तेथील सरकारने ते एका वेळी तीन महिन्यांपुरतेच देण्याचा निर्बंध घातला. शिधापत्रिकेचाच न्याय! या खेपेस कन्येने दुसरी व तिसरी सोय डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतली होती. कॅप्सूल तशीच ठेवून ती नुसत्या इस्ट्रोजेनच्या पट्टीवर गेली. ५०ची नव्हती, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून २५च्या दोन लावल्या.

दर रविवारी फोन येतो. औषध किती आठवड्यांचे उरले, हा सौ.चा पहिला प्रश्न असतो. तो त्या दिवाणखान्यात, आमच्यादेखत विचारतात.