फाल्गुनातील महाबळेश्वर

आमच्या परभणीकडे फाल्गुन सरू लागला की गोदातीरचा वाराही तापू लागतो. सुमारे ४,५०० फूट उंचीवरील महाबळेश्वरी मात्र त्या वेळी पहाटे शाल सोडवत नाही. लोक तेथे वैशाखात, शाळांना सुट्या लागल्यावर, जातात आणि पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगेत खोळंबतात. शाळेच्या घंटेतून मोकळ्या झालेल्या आम्हां उभयतांस ते बंधन नव्हते. म्हणून यंदा फाल्गुनातच पुण्यापर्यंत रेल्वेने व पुढे वाईवरून मोटारीने वर गेलो.

रानात अंजनीला निळा बहर आला होता; मळ्यांत स्ट्रॉबेरीची तोडणी अजून चालू होती. लिंगमळ्याचा धबधबा तेवढा आटलेला, आणि धुरकटामुळे दुपारी सावित्रीचे खोरे नीट दिसेना. हे उणे वाचकांस सांगितलेच पाहिजे. परंतु क्षेत्र महाबळेश्वरी, कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचे उगम मानलेल्या पंचगंगेच्या देवळात, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या आमच्या कुटुंबास गोमुखाशी घटकाभर निवांत बसावयास मिळाले. वैशाखात तेथे पाय ठेवावयास जागा नसते.

नातवंडे परीक्षेपायी घरीच राहिली होती. वेण्णा तलावाकाठी दोघांपुरताच मक्याचा कणीस-दाणा घेताना ते फार जाणवले. परतीच्या वाटेवर कुटुंबानेच निकाल दिला, "पुढची खेप वैशाखात, मुलांना घेऊन. गुडघ्यांचे मी पाहीन."